आबा पुढच्या लग्नाला गेले

माझ्या एकुलत्या एक मुलीच्या साखरपुड्याला मी हजर नव्हतो. म्हणजे हॉल मी ठरवला होता, नवा कोटही मीच घातला होता. पण ऐन वेळी मी वरच्या मजल्यावर एका अनोळखी पंजाबी कुटुंबाच्या ताब्यात होतो.

याचं श्रेय आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना. आबा विदर्भातल्या आमच्या तालुक्याच्या गावी आधी वकील होते, मग न्यायाधीश झाले आणि निवृत्तीनंतर एकदा आमदारही. (दुसऱ्यांदा मतदारांनी त्यांना विश्रांती दिली.) आई गेल्यापासून ते आमच्याकडे दिल्लीत असतात. तिन्ही पदं गेली, तिन्ही सवयी सोबत आल्या. त्यात आमदारकीची सगळ्यांत चिवट! लग्नसराईत आमदाराला एका संध्याकाळी सात-आठ मांडव गाठावे लागतात. थेट स्टेजवर जायचं, आशीर्वाद द्यायचा, दोन वाक्यं बोलायची, फोटो निघाला की पुढचं लग्न. कोणाचं होतं, हे नंतर गाडीत विचारायचं.

साखरपुडा करोल बागेत होता. अंगठ्या आबांच्या जॅकेटात होत्या, कारण मौल्यवान वस्तू माझ्या हाती द्यायची नाही, असा बायकोचा जुना ठराव आहे. होणारे व्याही रेल्वेत अधिकारी आणि (तरीही) वेळेचे पक्के. बुद्धवंदना झाली. आबा स्टेजवर गेले, नातीच्या डोक्यावर हात ठेवला, छान बोलले, फोटो काढून घेतला आणि हात जोडत जोडत दाराबाहेर पडले. आम्हाला वाटलं, बाथरूमला गेले असतील. ते पुढच्या लग्नाला गेले होते!

ते मला वरच्या मजल्यावर सापडले. तिथे एक पंजाबी लग्न होतं आणि नवरदेवाचे फुफाजी, म्हणजे आत्याचे यजमान, रुसले होते. मिलनीत, म्हणजे दोन्हीकडच्या नातेवाइकांच्या गळाभेटीत, सगळ्या काका-मामांना हार घातले, फुफाजींनाच विसरले. आता ते जेवणार नव्हते आणि कोणाला जेवू देणार नव्हते. आशीर्वाद द्यायला गेलेल्या आबांनी "मामला क्या है?" एवढंच विचारलं आणि त्यांच्यातला न्यायाधीश जागा झाला. ते सोफ्यावर मधोमध बसले होते, दोन्ही पक्ष समोर उभे.

मी कानाशी लागलो. "आबा, अंगठ्या द्या. खाली सगळे थांबलेत."

"मध्ये बोलू नकोस. फिर्यादीचं संपू दे."

तेवढ्यात बायकोचा फोन. व्याही सारखे घड्याळ बघत होते आणि मुलीच्या मनात दुसरं काही नाही ना, असं त्यांनी हळूच विचारलंही होतं. "आबा, नातीचं लग्न मोडेल," मी म्हटलं.

हे मात्र त्यांना ऐकू आलं. ते ताडकन उठले. पण फुफाजी आडवे आले. निकाल दिल्याशिवाय जजसाहेबांना कसं सोडणार? आता आबांमधला वकील पुढे झाला.

"ये मेरा बेटा है. भारत सरकार में अफसर. मैं लौटूँ तब तक ज़मानत पर यहीं बैठेगा."

"आबा, मी मुलीचा बाप आहे."

"म्हणूनच. किरकोळ माणूस जामीन म्हणून कोण घेईल?"

आबा अंगठ्या घेऊन खाली गेले. फुफाजींनी माझं मनगट धरलं आणि कोणीतरी हातात पनीरची प्लेट दिली. थोड्या वेळाने खालून टाळ्यांचा कडकडाट आला. माझ्या मुलीच्या बोटात अंगठी गेली होती आणि मी इथे पनीर धरून बसलो होतो. डोळे भरूनच आले.

फुफाजींनी कारण विचारलं. मी सांगितलं. तो भला माणूस हादरलाच. "अरे यार, पहले बोलना था!" म्हणत त्यांनी मला जवळजवळ फरफटतच खाली नेलं.

दारात मुलाकडची मंडळी मुलीच्या बापाची वाट बघत हार घेऊन उभी होती. एक धिप्पाड, फेटेवाला, रुबाबदार गृहस्थ आत आला आणि त्याच्यामागे पनीरची प्लेट घेतलेला एक घामाघूम इसम. मला कधीच न पाहिलेल्या मुलाच्या आजींनी बिल्कुल वेळ न घालवता हार फुफाजींच्या गळ्यात घातला.

फुफाजींचा रुसवा तिथेच संपला. आबांनी खटला निकाली काढला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर रुसून बसलो. बराच वेळ कोणाच्या लक्षात येईना, तेव्हा आपणच उठून जेवून घेतलं.