बोटांतून पडणारी रांगोळी

माझे सासरे दर दिवाळीला सासूबाईंच्या रांगोळीचं शूटिंग करायचे. कॅमेरा स्टुलावर ठेवायचा आणि पहिल्या ठिपक्यापासून शेवटच्या रंगापर्यंत चालूच ठेवायचा. गेल्या वर्षी सासूबाई गेल्या आणि बाबांना त्या सगळ्या दिवाळ्या टॅबवर हव्या झाल्या. फायली अगडबंब, टॅब इवलासा, हार्डडिस्क काठोकाठ भरलेली. मी पडले खराडीतली आयटीवाली सून. ऐटीत म्हटलं, "बाबा, फायली नव्या पद्धतीनं एनकोड करते. जागा कमी लागेल, क्वालिटी तीच राहील. मग जुन्या उडवून टाकू."

"कमी होणार, आणि जाणार काहीच नाही?" बाबा म्हणाले. "असलं मशीन आमच्या कारखान्यात नव्हतं बुवा."

बाबांनी भोसरीच्या कारखान्यात आयुष्यभर माल तपासला. मी समजावलं, की फरशी जागची हलत नाही, म्हणून ती एकदा लिहून ठेवली की भागतं. पुढे फक्त हात कुठून कुठे गेला तेवढंच लिहायचं. सांगता सांगता मीच थक्क झाले. इतकी वर्षं कॉम्प्युटरपुढे काढली, पण दोन तासांची दिवाळी पहाट दहाव्या हिश्शात मावलेली त्या रविवारी धायरीच्या घरी पहिल्यांदा नीट पाहिली.

जुन्या फायली सिलेक्ट करून डिलीट करणार, एवढ्यात बाबा म्हणाले, "तपासल्याशिवाय माल सोडायचा नाही. आणि सोपा नग दाखवू नकोस. यातलं सगळ्यात बारीक काम काढ."

जुनी आणि नवी फाईल शेजारी शेजारी लावली. सासूबाई वेल काढत होत्या. मी साडीचे काठ पाहिले, बांगड्या पाहिल्या, सगळं लख्ख. बाबा चष्मा कपाळावर सरकवून स्क्रीनला नाक लावून बसले.

"अगं, हिच्या बोटांतून काही पडतच नाहीये."

खरंच. बोटं फिरत होती, खाली रेघ उमटत होती, आणि मधे काहीच नव्हतं. जुन्या शूटिंगमध्ये चित्रभर दिसणारे बारीक दाणे साफ करायची एक सोय असते, ती मीच हौसेनं चालू केली होती. तिनं पडणारी रांगोळी कचरा समजून पुसली होती. अजून एक क्लिक, आणि ती रांगोळी कायमची गेली असती. माझ्या पदव्या, माझी सॉफ्टवेअरं, आणि चूक सापडली ती मोतीबिंदू काढलेल्या डोळ्याला. मनातल्या मनात मी त्या डोळ्याला हात जोडले.

साफसफाई बंद करून परत एनकोडिंग लावलं. दुपार त्यातच गेली. फाईल थोडी मोठी झाली, तरी टॅबवर मावली. आता चिमटीतून रांगोळीची धार पडत होती, कण अन् कण दिसेल इतकी. मी भान हरपून बघत राहिले.

बाबांनी ती शेवटपर्यंत पाहिली. रंग भरून झाल्यावर सासूबाईंनी हात झटकले, कॅमेऱ्याकडे बघितलं आणि वैतागून म्हणाल्या, "अहो, बंद करा आता ते."

"करतो," बाबा म्हणाले, आणि नुसते बघत बसले.