अर्धा तास आधी

रिटायर होऊन वर्ष होत आलं, तरी माझी खिचडी गार होते ती होतेच. कुकर उतरवते, चमचाभर तोंडात घालून मीठ बघते आणि झाकण ठेवून बाजूला होते. मग खुर्चीत नुसती बसून राहते. शेजारीण दारातून विचारते, "जेवलात का बाई?" तेव्हा लक्षात येतं, आपण कुणाची तरी वाट बघत होतो.

शाळेत हा नियमच होता. मुलांना वाढण्याआधी अर्धा तास शिक्षकानं खिचडीची चव घ्यायची. काही बाधायचंच असेल तर आधी बाईंना बाधू दे, असा सरकारी हिशेब. बाकीचे शिक्षक कुरकुर करत. मी मात्र चव घ्यायची, अर्धा तास थांबायची आणि मग मुलांच्या ओळीत मधोमध मांडी घालून बसायची. ऑफिसात सगळ्यांचे डबे उघडायचे, तिकडे मी कधी फिरकले नाही. माझ्या डब्यातली शेंगाचटणी ओळीच्या टोकापर्यंत जायची आणि डबा रिकामा परत यायचा. लोक म्हणत, बाईंना मुलांचा फार लळा. लळा होताच, नाही कशाला म्हणू?

डी.एड.ला असताना एका सरांनी वर्गात विचारलं होतं, शिक्षक का व्हायचंय? कुणी देशसेवा म्हटलं, कुणी पिढी घडवायची म्हटलं. एकीनं सांगितलं, सुट्ट्या भरपूर असतात म्हणून. तिला सर नाही नाही ते बोलले. वर्गात खरं बोलणारी तेवढी ती एकच होती. मीही पिढी घडवायची म्हणाले आणि खाली बसले. खरं सांगितलं असतं तर सगळे हसले असते. मला एकटीनं जेवायचं नव्हतं.

मी लहान असतानाच आई गेली. वडील इथं सोलापुरातल्याच गिरणीत, कायम दुसऱ्या पाळीला. मी झाकलेलं ताट उघडायची, भाकरी गिळायची, ताट घासून पालथं घालायची. घरात कुणीतरी बोलावं म्हणून रेडिओ लावून ठेवायची. माणसांनी भरलेली एकच खोली मला माहीत होती, ती म्हणजे शाळेचा वर्ग. तिथून बाहेर पडायचंच नाही, असं मी तेव्हाच ठरवून टाकलं. याला कुणी ध्येय म्हणतं. म्हणोत बापडे.

पुढे लग्न जमलं नाही. वडीलही गेले. पण सकाळी सोलापुरातून एसटी पकडायची आणि मंद्रूपच्या पुढच्या त्या शाळेत उतरायचं, एवढ्यावर माझं चाललं होतं. मे महिना तेवढा अंगावर यायचा.

निरोपाच्या दिवशी साडी झाली, नारळ झाला, भाषणं झाली. "बाईंनी आयुष्य वाहिलं," असं कुणीतरी म्हणालं. वाहिलं कसलं, मी तर रोज घेतच होते. मग शेवटची पंगत बसली. शेजारी बसलेली तिसरीतली पोरगी घास हातात धरून थांबली.

"बाई, उद्यापासनं तुमी कुणासंगं जेवणार?"

इतक्या वर्षांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं.

"घरी हायत की लई माणसं," मी तिच्याच बोलीत सांगितलं.

"मग बरं हाय," ती म्हणाली. ताट चाटूनपुसून साफ केलं आणि धुवायला पळाली.

आजही तांदूळ घेताना हात सैल सुटला आणि खिचडी जास्त झाली. चव घेतली, मीठ बरोबर होतं. झाकण ठेवून बसून राहिले. अर्धा तास होऊन गेला, मला काही बाधलं नाही. आता वाढायला हरकत नव्हती. मी उठून एकच ताट घेतलं.