संत अंतोनीच्या हातातलं बाळ

मी नर्स आहे. दौंडमधल्या एका दवाखान्यात बारा वर्षं ड्यूटी करतेय. माणूस मेल्यावर काय होतं ते मला चांगलं माहीत आहे – काही होत नाही, नातेवाईक रडतात आणि बेड रिकामा होतो. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आधी बीपी तपासून घ्या म्हणते. तेव्हा हे वाचून तुम्ही मलाही तोच सल्ला दिलात तर राग नाही.

आम्ही कॅथलिक. वडील रेल्वेत होते. ते गेल्यावर लाइनीपलीकडच्या दोन खोल्यांत आई, मी आणि धाकटा भाऊ नितीन. नितीन रांजणगाव एमआयडीसीत कामाला, तिकडेच खोली घेऊन राहायचा आणि शनिवारी मोटारसायकलवर घरी यायचा. गेल्या वर्षी ऑगस्टमधल्या एका शनिवारी "जेवायला येतोय" म्हणून फोन केला... आणि आलाच नाही. फोन बंद. शिरूरला तक्रार दिली, दौंडला दिली. कुणी म्हणालं पोरीची भानगड असेल, कुणी म्हणालं दुबईला पळाला. बोलणाऱ्याचं तोंड धरता येत नाही.

संत अंतोनी हरवलेलं शोधून देतो, हे आमच्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. घरच्या अल्तारावर, म्हणजे आमच्या देवघरात, त्याचा वीतभर पुतळा आहे, हातात बाळ येशू. जुन्या बायकांची एक रीत आहे – फारच मोठं काही हरवलं तर त्याच्या हातातलं बाळ काढून घ्यायचं आणि सांगायचं, आमचं दे, मग तुझं देते. फादरना हे अजिबात पटत नाही. आईने महिनाभर वाट पाहिली आणि बाळ काढलंच. ते घट्ट बसलेलं होतं, ओढताना प्लास्टरची खुंटी मोडली.

"अगं, मोडलं की!" मी ओरडले.

"मोडू दे," आई म्हणाली. "माझं लेकरू जित्तं घरी यील, तवा चिकटवीन मी. तवर न्हाई."

बाळ रुमालात गाठ मारून ट्रंकेत गेलं, कुलपाची किल्ली आईच्या गळ्यात.

नितीनचा पत्ता नसताना दहा महिने गेले. आई धड जेवायची नाही. रोज दुपारी स्टेशनवर जाऊन बसायची. नितीन येणार तो मोटारसायकलवर, आणि ही गाड्यांची वाट बघायची! तिचं वजन अडतीस किलोवर आलं. मला फार भीती वाटायची.

जूनमध्ये अंतोनीचा सण आला. आधी नऊ दिवसांची प्रार्थना, नोव्हेना, आणि तेरा तारखेला चर्चमध्ये सणाची मिस्सा. सकाळी आम्ही दोघी गेलो. मिस्सेनंतर आशीर्वादाचे पाव वाटतात. आईने तीन घेतले, तिसरा नितीनचा. दहाच्या सुमारास घरी आलो, कुलूप मी काढलं. आई पुढे गेली आणि थबकली.

बाळ पुतळ्याच्या हातात होतं.

मी आधी आईकडेच पाहिलं, संशय दुसऱ्या कुणावर घेणार? पण सकाळी मेणबत्ती मी लावली होती, तेव्हा तो हात रिकामा होता. घराबाहेर शेवटी मीच पडले. ट्रंक उघडली तर रुमालाची गाठ जशीच्या तशी, आत काही नाही. बाळ ओढून पाहिलं. हललं नाही. मोडलेल्या जागी भेगसुद्धा नव्हती... नखाने खरवडूनही पाहिलं, खोटं कशाला बोलू.

आई मात्र हसत होती. दहा महिन्यांनी!

"येतोय गं त्यो! आजच येतोय! जा, मटण घिऊन ये."

मी आणलं. ती मसाला वाटायला बसली. आणि मी, इतकी शहाणी, दर पाच मिनिटांनी दाराकडे बघत होते.

सव्वा एकला फोन आला. शिरूरकडचे हवालदार.

"ताई, न्हावऱ्याच्या पुढं जुन्या खाणीतलं पानी आटलंय. त्यात मोटारसायकल घावलीय, सकाळी धाच्या सुमाराला. नंबर तुमच्या भावाचाच हाय... आन् बरोबर... तुम्ही या. आईला नका आणू."

हाडंच राहिली होती, आणि कंपनीचं कार्ड. त्याच शनिवारी वळणावर गाडी खाणीत गेली असणार, असं पोलिसांचं म्हणणं.

पुढे मी तो पुतळा एका मूर्तिकाराला दाखवला. "हे कधी मोडलंच नाही, मॅडम," तो म्हणाला. मोडताना मी समोर होते! हे कोडं मला सुटलेलं नाही, सुटेल असं वाटतही नाही.

आईने तिचा अर्थ लावून टाकलाय. "म्या त्याचं लेकरू काढून घेतलं, म्हणून त्यानं माझं ठिवून घेतलं," म्हणते. दर महिन्याला त्याच पापाचं कन्फेशन करते. फादर समजावून थकले.

एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. नोव्हेनाच्या आठव्या दिवशी आई डोळे मिटून नेहमीचंच मागत होती, माझ्या पोराला जिवंत आण. शेजारी गुडघ्यांवर मी होते. मी मागितलं – तो मेलेला असला तरी चालेल, पण आता सापडू दे, हिचे हाल मला बघवत नाहीत.

नितीन तेव्हा कधीच गेलेला होता. कुणाच्या मागण्याने माणूस मरत नाही, एवढं नर्सला कळतं. तरी आई कन्फेशनच्या रांगेत उभी राहते तेव्हा मी बाहेर बाकावर बसून राहते. आई, पाप तुझं नाही, एवढंच तिला सांगायचंय. पण मग ती विचारेल, कुणाचं?