फुजैरातल्या पबमधली बायकांची खोली

"मला तुझ्या बाबांचा पब बघायचाय," दुबईत उतरून दोन दिवस होत नाहीत तोच आईने जाहीर केलं. तिला उंच इमारती दाखवायचा माझा बेत पुढे ढकलला गेला.

बाबा फुजैरा बंदरात टगबोटीवर इंजिनिअर होते. क्वार्टरमध्ये चौघांची दाटी, म्हणून दर शुक्रवारी ते हॉटेलातल्या इंग्लिश पबमधून आईला पुण्याला फोन करायचे. मागे ग्लासांची किणकिण, हशा. "मी फक्त लिंबूसोडा पितो गं," ते म्हणायचे. आईचा कधीच विश्वास बसला नाही. बाबा गेले, तिचा संशय राहिला.

दुबईतल्या ऊद मेथा भागातल्या माझ्या घरून सकाळीच निघालो. डोंगरातला रस्ता देखणा आहे, पण पेट्रोल आधीच भरून घ्या. वाटेत कडक चहा आणि पराठा हाणला, की दीड-दोन तासांत फुजैरा.

पब म्हणजे चकचकीत हॉटेलच्या पोटात बसवलेलं जुनं इंग्लंड! तिकडच्या एका जुन्या पबचं लाकूडकाम उतरवून, जहाजाने आणून इथे जोडलंय. काळपट तुळया, नक्षीची काच, वाकून जावं लागेल असं बुटकं दार. मी प्रेमातच पडले. आई मात्र दारातच थबकली.

"नको गं. कोणी बघितलं तर?"

"आंटी, इधर आओ," गोव्याच्या वेटरने हाक मारली. बारला लागून एक चिमुकली खोली होती. बाकं, दुधी काचा आणि बारकडे उघडणारी छोटी खिडकी. "पहले इंग्लंड में लेडीज लोग इधर बैठता था. कोई देखता नहीं. ग्लास खिडकी से आता. अभी फोन करनेवाले इधर बैठते हैं."

आपल्याकडे स्वयंपाकघरातून चहा सरकवायची खिडकी असते, अगदी तशी. आई आत जाऊन बसली. लिंबूसोडा आला.

"पंचवीस दिरहम? म्हणजे सहाशे रुपये!"

मग बाकावरून हात फिरवत तिने साताऱ्याला मावशीला फोन लावला.

"ताई, मागे ग्लास कसले वाजतायत?"

"पबमध्ये आहे. लिंबूसोडा पितेय."

"हो हो, सोडाच असणार!" मावशी खो खो हसली.

"अगं, खरंच सोडा आहे!" आई कळवळून म्हणाली आणि तिने फोन हळूच खाली घेतला. तिचे डोळे भरून आले. मलाही राहवेना.

आई आता पुण्याला परतलीय. नंतर काढलेले उंच इमारतींचे फोटो मी अजून उघडलेलेही नाहीत. डोळ्यांसमोर येते ती खोलीच. परवा व्हिडिओ कॉलवर बाबांच्या फोटोपुढे एक ग्लास दिसला.

"लिंबूसोडाच आहे," मी काही विचारायच्या आत आई म्हणाली. "शुक्रवार ना आज."