बत्तीघरातल्या कांताची नामांकनं

कांता,

तुझ्यावर लिहायला घेतलं तेव्हा माझी धाकटी बहीण म्हणाली, "तिनं असं काय मोठं केलं?" मी म्हटलं, तिनं एका मुक्या टीव्हीला सहा महिने बोलतं ठेवलं.  तू आता वाचताना गप्प बस. "बाई, असं नाई झालं" असं मध्ये मध्ये म्हणशील, मला ठाऊक आहे. झालं तसंच सांगते आहे, आणि लांबण लावायची मला सवय नाही.

तुला माहीत आहे ते इतरांना माहीत नाही, म्हणून थोडं सांगावं लागेल. घुग्घुसच्या अलीकडे खाणीची ती वसाहत. शाळेतून निवृत्त होऊनही मी तिथंच राहिले, कारण नागपूरला भावाकडे जाऊन त्याच्या सुनांना शिस्त लावण्यापेक्षा ते बरं होतं. तू बत्तीघरात कामाला होतीस. तुझा नवरा श्रावण वारला, त्याच्या जागी तुला घेतलं. पाळी सुरू होताना खाली उतरणाऱ्या प्रत्येकाला डोक्याची बत्ती द्यायची, पाळी सुटली की परत घ्यायची. मशीनचा असा गोंगाट, की बोललेलं काही ऐकूच यायचं नाही. त्यामुळे तू माणसाचं तोंड वाचायला शिकलीस. कोण घरी भांडून आला, कोण पिऊन आला, कोणाला ताप आहे आणि तरी खाडा नको म्हणून उतरतो आहे, हे तू खिडकीतून बघून ओळखायचीस. दोनदा तू माणसाला बत्तीच दिली नाहीस. "घरी जा. तुहे डोळे ठीक नाई दिसून राह्यले," म्हणालीस. दोन्ही वेळा तुझं बरोबर निघालं.

आता टीव्ही. वसाहतीच्या क्लबात एकच होता. शहाऐंशीच्या पोळ्याला त्याचा आवाज गेला. चित्र स्वच्छ, आवाज शून्य. चंद्रपूरचा मेकॅनिक येणार होता. तो येणारच होता, सहा-सात महिने येणार होता. पहिल्या बुधवारी लोक 'तेरह नंबर की कोठी' बघायला जमले आणि ओठ हलताना बघत बसले. मी मागच्या खुर्चीत वर्तमानपत्र वाचत होते. मालिकांचं मला तेव्हाही फारसं कौतुक नव्हतं. तेवढ्यात डोमानं, तोच तो पहिल्या पाळीचा, उन्हाळ्यातही मफलर गुंडाळणारा, ओरडून विचारलं, "अबे, हे सून सासऱ्याले का म्हणून राह्यली?"

आणि तू सतरंजीवरून उठलीस. टीव्हीच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिलीस आणि कमरेवर हात ठेवून म्हणालीस, "मामाजी, कोठी तुमची असन, पण किल्ली माह्या कंबरेले हाये!"

क्लब कोसळला हसून. विहारात वंदना सांगून सांगून तुझा आवाज खणखणीत झालेला, शेवटच्या खुर्चीपर्यंत पोहोचायचा. त्या दिवसापासून टीव्हीच्या डावीकडची जागा तुझी झाली. सासरा बोलला की तू जाड आवाजात बोलायचीस, सून बोलली की पदर सावरत. तो म्हातारा नोकर पडद्यावर आला की मात्र तू गप्प व्हायचीस. "याले मी का बोलू? हा तोंडानंच सारं सांगते," म्हणायचीस. जंगलाकडून चारोळी विकायला येणारी मंगली बुधवारी मुक्कामाला राहायला लागली. तिला हिंदी येत नव्हती, मराठीही कामापुरतीच. पण तुझं तिला कळायचं. ती खिडकीशी बसून सगळ्यांच्या आधी हसायची.

तुझी वाक्यं गावभर झाली. बाजारात भाजीवाली म्हणायची, "किल्ली माह्या कंबरेले हाये!" खाणीत साहेबाच्या माघारी लोक तुझं ते "चहात साखर कमी, जिभेले मिरची जास्त" म्हणायचे. माझ्या जुन्या विद्यार्थिनींनी ते मला ऐकवलं तेव्हा मी नाक मुरडलं. मग घरी जाऊन एकटीच हसले.

वामनरावांना हे सहन होईना. क्लबाचे सेक्रेटरी, हेडक्लार्क, इस्त्रीचा सदरा, नागपूरचं एक साप्ताहिक पोस्टानं मागवणारे. त्यात मालिकांवर परीक्षणं यायची आणि वामनराव ती लाल शाईनं खुणा करून वाचायचे. जानेवारीत ते चंद्रपूरला साडूकडे गेले आणि तिथं त्यांनी कोठीचा एक भाग आवाजासकट पाहिला. परत आले ते थेट तुझ्यासमोर.

"कांताबाई, ती सून तसं काही म्हणतच नाही!"

"मंग का म्हणते?"

"ती म्हणते, पिताजी, मुझे अपने कर्तव्य का ज्ञान है."

"तेच तं मी सांगतलं, भाऊ. शब्द थोडे इकडंतिकडं झाले असन."

"इकडंतिकडं? अहो, मालिकेतलं तुम्हाला काही कळत नाही. लोकांना खोटं सांगता. टीव्हीजवळ जाणत्या माणसानं उभं राहायला हवं."

"जाणता म्हणजे कोण? तुमी?"

"का नाही?"

तू पदर खोचलास. मी तेव्हाच पेपर बाजूला ठेवला. तू म्हणालीस, "मले नाई कळत, हे कोण ठरवन?"

ठरवायचा उपाय वामनरावांनीच काढला. मुंबईची कुठलीशी संस्था मालिकांना वर्षाला पुरस्कार द्यायची, आणि त्यांची नामांकनं पुढच्या पंधरवड्यात त्यांच्या साप्ताहिकात छापून येणार होती. प्रत्येक विभागात तीन नावं. वामनराव म्हणाले, पाच विभाग घ्या, प्रत्येकात आपण एकेक नाव लिहून देऊ, ज्याची जास्त नावं यादीत निघतील तो टीव्हीजवळ उभा राहील. हरेल त्यानं सतरंजीवर बसायचं, तोंड बंद.

"हाव, बसन," तू म्हणालीस. "पण हारली तं हारली. मंग मले कोणी बलवाचं नाई."

कागद माझ्याकडे आले, कारण तीस वर्षं पेपर तपासलेली बाई पक्षपात करणार नाही असा दोघांचाही समज होता. तो बरोबर होता. ते मी लखोट्यांत घालून माझ्या कपाटात ठेवली.

त्या पंधरवड्यात तू जे सुरू केलंस त्याला मी अभ्यास म्हणणार नाही. पाळी बदलताना खिडकीतून बत्ती देता देता तू प्रत्येकाला विचारायचीस, "कोठीतलं का आठवते तुले?" ज्याची नक्कल चार जण करतात तो नट नामांकनात येणारच, असा तुझा हिशेब. नायिकेबद्दल तुझं मत ठाम होतं. 'सुबह की चिट्ठी' या दुसऱ्या मालिकेतली ती गाजलेली बाई तू यादीतून उडवलीस. मी म्हटलं, "कांता, सगळे तिचं कौतुक करतात गं."

"बाई, थे रडते तवा तिचं नाक लाल नाई होत. रडणाऱ्या बाया मी लय पाह्यल्या. नाक आधी लाल होते."



अंक आला बुधवारीच, एसटीनं दुपारी. संध्याकाळी क्लबात पाय ठेवायला जागा नव्हती. टीव्ही चालू होता, बातम्या मुक्यानं चालल्या होत्या, कोणाचं लक्ष नव्हतं. तू तुझ्या जागी उभी होतीस, टीव्हीवर एक हात ठेवून. कदाचित आजच्यानंतर ठेवता येणार नाही म्हणून. मी चष्मा लावला आणि लखोटे फोडले.

उत्कृष्ट मालिका. दोघांनीही 'तेरह नंबर की कोठी' लिहिली होती. दोघांनाही एक.

नायक. दोघांचेही चुकले. डोमा म्हणाला, "पेपरवाल्याईले काई समजत नाई," आणि वामनराव पहिल्यांदाच त्याच्याशी सहमत झाले.

नायिका. तुझी ती नाक लाल न होणारी बाई यादीत पहिलीच, आणि वामनरावांनी तीच लिहिली होती. वामनराव दोन, तू एक. वामनरावांनी सदऱ्याची बाही सारखी केली.

सहायक भूमिका. मी वाचलं, "कोठीतला म्हातारा नोकर..." आणि पुढचं नटाचं नाव मला वाचताच आलं नाही, एवढा गलका. मंगली खिडकीतून टाळ्या वाजवत होती. वामनरावांनी लिहिलेला दुसऱ्या मालिकेतला सेनापती कुठंच नव्हता. दोन-दोन.

"हा तोंडानंच सांगते, म्हटलं होतं का नाई?" तू वामनरावांना म्हणालीस.

राहिला एकच विभाग. संवाद.

वामनरावांनी लिहिलं होतं, 'सुबह की चिट्ठी'. तू लिहिलं होतंस, 'तेरह नंबर की कोठी'. मी यादी वाचली. एकदा मनात, मग मोठ्यानं. त्यात 'सुबह की चिट्ठी' होती. कोठी नव्हती.

"पुन्हा वाचा," तू म्हणालीस.

मी पुन्हा वाचली.

"छापताना राह्यलं असन. बाई, अख्खी वसाहत थे डायलॉग मारून राह्यली. बाजारात मारून राह्यली. भद्रावतीच्या बसमधी कंडक्टर म्हणते, किल्ली माह्या कंबरेले हाये. अन् नामांकन नाई? असं कसं होते?"

लोक तुझ्याच बाजूनं ओरडायला लागले. "व्हय, व्हय! असं कसं?" वामनरावसुद्धा क्षणभर गोंधळले. त्या क्लबात एकालाही कळत नव्हतं, आणि मला मुलं शाळेत चूक पुन्हा पुन्हा करतात तेव्हा येतो तसा राग आला.

"कांता," मी म्हटलं, "ते डायलॉग तुझे होते."

 तू टीव्हीवरचा हात तसाच ठेवून माझ्याकडे वळलीस.

"माहे?"

"मग कोणाचे? टीव्ही मुका आहे. सहा महिने तूच बोलतेस."

"मी तं फक्त त्यायच्या तोंडावर होतं थे सांगतलं."

"ते मालिका लिहिणाऱ्याला माहीत नव्हतं ना!"

आधी तूच हसलीस. टीव्हीवर डोकं टेकून हसलीस, मग डोमा, मग सगळे. पण हसून झालं तेव्हा तू टीव्हीवरचा हात काढलास, सतरंजीवर जाऊन बसलीस आणि म्हणालीस, "तीन-दोन. या, वामनराव भाऊ."

मी तुला एक मार्क देऊ शकले असते, असं नंतर डोमा मला म्हणाला. देऊ शकले नसते. प्रश्न 'यादीत कोण येईल' हा होता. उत्तर चुकलं होतं. आजही मी तोच निकाल देईन.

वामनराव उभे राहिले. तीन बुधवार उभे राहिले. मान्य करायला हवं, त्यांनी मेहनत घेतली. दर भागाआधी साडूच्या मुलाला फोन लावून मागचा भाग समजून घ्यायचे. "आता सासरा असे म्हणत आहे की, बेटी, घराण्याची प्रतिष्ठा..." मंगलीनं खिडकीतून मला विचारलं, "बाई, हा भाऊ शाळेतल्यावानी काऊन बोलते?" दुसऱ्या बुधवारी निम्मे लोक आले. तिसऱ्या बुधवारी अकरा. लोक तुझ्या घरी आले, दोन बायका तर हात धरून ओढायला लागल्या. तू नाही म्हणालीस. "हारली तं हारली, सांगतलं ना." तुला जायचं होतं, कांता. बुधवारी संध्याकाळी तू दारात तांदूळ निवडत बसायचीस आणि निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायचीस. मी दोनदा पाहिलं.

आणि मग होळीच्या आठवड्यात मेकॅनिक खरंच आला.

आवाज परत आला ही बातमी पाळी सुटायच्या आत सगळीकडे झाली. त्या बुधवारी क्लब पुन्हा भरला. तूही आलीस, सतरंजीवर, मागे. वामनराव अभिमानानं बटणापाशी. कोठी सुरू झाली. सून बोलायला लागली आणि बोलतच राहिली. कर्तव्य, मर्यादा, कुल, त्याग. आवाज बारीक, रडका. लोक एकमेकांकडे बघायला लागले. ही तीच सून? जिच्या कमरेला किल्ली होती ती?

डोमा मागून म्हणाला, "वामनराव भाऊ, हे तं एकदम तुमच्यावानी बोलते!"

हशा झाला. वामनरावांचा चेहरा आधी लाल झाला. मग ते स्वतःच हसायला लागले. त्या माणसाबद्दल माझं मत त्या क्षणी बदललं. त्यांनी बटण फिरवून आवाज बंद केला.

"कांताबाई, या इकडे."

"नाई. मी हारली."

"हो, हरलात. म्हणजे ही जागा माझी. की नाही, बाई?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, बरोबर. "मग माझ्या जागेवर कोणाला उभं करायचं ते मी ठरवीन. या. नाहीतर मी बोलायला लागेन."

"नोका, नोका!" अख्खा क्लब ओरडला.

तू उठलीस. पदर खोचलास. पडद्यावर सून डोळे पुसत होती. तू क्षणभर तिच्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "मामाजी, मेल्यावर मले देवी म्हणसान, त्याच्यापेक्षा आज भाकर तुमी थापा!"

पुढं दीड वर्ष, कोठी संपेपर्यंत, आवाजाचा टीव्ही बिनआवाजाचा चालला.

त्याच उन्हाळ्यात एकदा तू माझ्याकडे आलीस आणि बराच वेळ दुसरंच बोललीस. मग म्हणालीस, "बाई, तुमी नागपूरले जातच राहता. त्या पेपरच्या हापिसात एक डाव जाऊन सांगून येसान का? का कोठीचे डायलॉग इथी कोणी दुसरंच बोलून राह्यलं होतं म्हणून. बक्षीस नको. फक्त त्याईले माहीत पाह्यजे."

मी हो म्हटलं. त्या वर्षी मी चार वेळा नागपूरला गेले. ऑफिस सीताबर्डीला कापडाच्या दुकानावर होतं. एकदा जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत गेले. वर जाऊन काय सांगणार, म्हणून लाज वाटली. एम. ए. झालेली, निवृत्त मुख्याध्यापिका, आणि सांगणार की आमच्या बत्तीघरातल्या बाईनं सुनेला भाकरी थापायला नकार द्यायला लावला! परत आले आणि तुला सांगितलं, संपादक जागेवर नव्हते. तू विश्वास ठेवलास. दिवाळीआधी मी पुन्हा निघाले तेव्हा तू एसटीपर्यंत आलीस. म्हणालीस, "घाई नोका करू. आधी नाव बरोबर सांगा. कांता श्रावण देवगडे, बत्तीघर, दुसरी पाळी." मी ते तिकिटाच्या मागं लिहून घेतलं. नागपुरात भावाच्या घरी पाहुणे होते, मग दंतवैद्य होता, मग परतीची बस होती. पुढल्या वर्षी ते साप्ताहिक बंद पडलं. मी गेले नाही.