बाबांच्या श्वासाची सवय

दुपारी आई बाबांच्या उशाशी उभी राहून ऑक्सिजनच्या मशीनचं बटण फिरवायला निघाली होती. पंगतीत नको नको म्हणणाऱ्याच्या पानात आणखी एक पोळी टाकावी, तसा तिचा हात पुढे झाला होता. मी तो धरला.

"अगं, डॉक्टरांनी वाढवू नका म्हणून सांगितलंय ना."

"बघ की किती धाप लागलीय त्यांना. थोडा जास्त दिला तर काय बिघडतंय?"

डॉक्टरांचं म्हणणं मला तरी कुठे पचलंय. मेंदूच्या तळाशी, मानेच्या जरा वर, बोटाएवढा एक भाग आहे. हृदय आणि फुप्फुसं त्याला सतत खबर देत असतात आणि तो श्वास चालवतो. बाबांची फुप्फुसं वर्षानुवर्षं वाईट हवा आत साचल्याचीच खबर देत आली. रोजची तीच तक्रार ऐकून त्याने ती मनावर घेणं सोडून दिलं. आता ऑक्सिजन कमी पडतोय, या एकाच इशाऱ्यावर तो श्वास चालवतो; त्या कमीवरच त्याची घडी बसलीय. एकदम भरपूर मिळाला तर श्वास उलट मंदावेल, म्हणे.

माणूस कशालाही सरावतो, हे ठाऊक होतं. पण त्याला न विचारता, त्याच्याच आत कुणीतरी इतक्या थोडक्यात भागवायला शिकावं? आणि आपण मायेने द्यायला जावं, तर तेच बाधावं?

आई खुर्चीत बसली. बाबांनी डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. मग ताटावर धरावा तसा हात आडवा धरून म्हणाले, "पुरे."