चाफा वाळला असं मीच सांगितलं

कुंडीतून उपसलेली ही तिसरी फांदी. बुडाकडचा वीतभर भाग मऊ पडला होता. बोटानं दाबला तर काळपट पाणी आलं आणि आंबूस वास सुटला. मी ती फांदी कंपाउंडच्या भिंतीवर आपटली. चाफ्यासारखं निबर झाड दुसरं नाही. तो मुरमाड जमिनीत येतो, स्मशानात येतो, विश्रामगृहाच्या आवारात कुणी ढुंकून न बघता वाढतो. मोडून पडलेल्या फांदीलाही पानं फुटतात. आणि माझ्या हातून एक फांदी जगत नव्हती.

ती जगवणं भाग होतं, कारण आधीचा चाफा मी कापला होता.

अंबडला आम्ही घर बांधलं तेव्हा वडिलांनी, म्हणजे दादांनी, तो आणला होता. दादा निवृत्त प्राथमिक शिक्षक. केदारखेड्याला, आमच्या गावी, विहारापाशी पांढऱ्या चाफ्याचं जुनं झाड आहे. त्याची हातभर फांदी टॉवेलात गुंडाळून, दोन एस.ट्या बदलून ते आले. चीक गळून सदऱ्यावर डाग पडला तो कधी निघाला नाही. फांदी त्यांनी आठ दिवस जिन्याखाली सावलीत तशीच ठेवली, चीक वाळू दिला, मग फाटकाजवळ रोवली आणि विसरून गेले. झाड माणसापेक्षा थोडं उंच झालं, तेवढंच राहिलं. बहर असला की रोज सकाळी दादा पाच फुलं काढून बुद्धमूर्तीपुढे ठेवत आणि वंदना घेत. पुढे काचबिंदूनं त्यांची नजर जवळजवळ गेली. पेपर गेला, बाजारात एकट्यानं जाणं गेलं. फुलं काढणं मात्र राहिलं. फांदी चाचपत, हुंगत, ते बरोबर पाच फुलं काढायचे. कुणी मदतीला गेलं तर म्हणायचे, "सर बाजूला, मला दिसून राह्यलं."

मग मी मोटार घेतली. ती फाटकातून आत येईना, कारण मधे चाफा.

दादा आठ दिवसांसाठी त्यांच्या बहिणीकडे आष्टीला गेले होते. हिवाळा होता. चाफ्याचं एकूण एक पान गळून नुसती जाडजूड ठोंबं उरली होती, दर हिवाळ्यात उरतात तशी. मी माणूस बोलावून झाड बुंध्यातून कापून घेतलं. पहिल्याच घावाला इतका चीक आला, की तो माणूस थांबला. म्हणाला, "साहेब, हे तर जित्तं हाय." मी म्हणालो, "काप तू."

संध्याकाळी दादांना फोन केला.

"दादा, चाफा वाळला. काढून टाकला."

दादा म्हणाले, "मुळापासून वाळल्ता का?"

"हो. मुळापासून."

पानं नसलेला चाफा वाळलेलाच दिसतो, हे मला ठाऊक होतं. म्हणून तर हिवाळा निवडला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

दादा परतले, फाटकापाशी थांबले, हातानं हवा चाचपली आणि आत गेले. हिवाळा सरला, फुलांचे दिवस आले, तरी मूर्तीपुढे बाजारातला झेंडूच. तो बायको ठेवायची. दादा वंदना घ्यायचे, पण बसल्या जागेवरून.

मला ते बघवेना. नर्सरीतून फांदी आणली, कुंडीत लावली. नर्सरीवाला म्हणाला होता, "पाणी जपून. चाफ्याला विसरावं लागतं, साहेब." पण मी कसा विसरणार? सकाळी ऑफिसला निघताना कुंडीपाशी गेलो की हात आपोआप तांब्याकडे जायचा. थोडंसंच, असं म्हणत घालायचो. ती फांदी कुजली. दुसरी एका सहकाऱ्याच्या अंगणातली, तीही कुजली. तिसऱ्या वेळी मी हट्टाला पेटलो. वाळू मिसळली, कुंडीला भोकं वाढवली आणि पाणी घालायचं नाही म्हणजे नाही, असं स्वतःला बजावलं. एक थेंब घातला नाही. तरी माती रोज ओलीच. मला वाटलं, कुंडीच खराब आहे.

भिंतीवर आपटलेल्या फांदीचा आवाज ऐकून बायको बाहेर आली. तिला हसू आवरेना.

"अहो, सकाळी तुम्ही घालायचे, दुपारी दादा घालतेत. बाप-लेक मिळून त्याला पोहायला शिकवून राह्यले का?"

"दादा?"

"मंग! रोज जेवण झालं की तांब्या घेऊन भिंतीला धरत धरत जातेत. मला वाटलं, तुम्हीच सांगितलं."

माझं डोकंच फिरलं. तीन फांद्या, इतके महिने. मी तरातरा आत गेलो. दादा खाटेवर बसले होते.

"दादा, कुंडीत पाणी घालायला कोणी सांगितलं तुम्हाला? चाफ्याला पाणी लागत नाही, एवढंही ठाऊक नाही का?"

आवाज चढला होता. आयुष्यभर वर्ग सांभाळलेल्या माणसाशी मी असा बोललो.

दादा शांतपणे म्हणाले, "मलाबी तसंच वाटायचं. इतकी वर्षं मी त्या झाडाला तांब्याभर पाणी घातलं न्हाई. लागत न्हाई, म्हणून छातीठोक सांगायचो सगळ्यांना." मग म्हणाले, "अन् ते मुळापासून वाळलं. म्हणलं, आता ह्याला तरी तसं मारू नये."

माझा राग जागच्या जागी विझला. झाड मी कापलं होतं आणि ते मारल्याचं ओझं दादा वाहत होते. जे त्यांना पक्कं ठाऊक होतं, तेही माझ्या एका फोननं पुसून टाकलं होतं.

"दादा, चाफा वाळला नव्हता."

त्यांनी मान वळवली.

"जिवंत होता. गाडी येत नव्हती, म्हणून मी कापला. नुसती पानं गळाली होती."

दाराशी उभी असलेली बायको गुमान आत निघून गेली. दादा गुडघ्यावर हात फिरवत राहिले.

"चीक आल्ता?"

"खूप."

"खूप," ते म्हणाले. त्यानंतर दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. रागावले असते, तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी बायकोला निरोप दिला, मी शेजारच्या खोलीत असताना. "त्याला म्हणावं, मला केदारखेड्याला घेऊन चल. त्याच्या गाडीत."

विहारापाशी त्यांनी स्वतः फांदी चाचपून निवडली. मी तोडायला पुढे झालो, तर म्हणाले, "तू न्हाई." गावातल्या एकाकडून तोडून घेतली आणि अंबडपर्यंत मांडीवर धरून बसले. सदऱ्यावर पुन्हा चीक सांडला. आठ दिवस जिन्याखाली सावलीत ठेवून त्यांनीच ती कुंडीत रोवली. कुंडी त्यांच्या खिडकीखाली आहे. तिकडे फिरकायला मला बंदी आहे. साल नखानं खरवडून आत हिरवं आहे का, एवढं बघितलं तरी माझं काम झालं असतं. परवा हात पुढे केलाच होता, तर खिडकीतून आवाज आला, "हात लावू नको."

पान अजून फुटलेलं नाही. ठोंब तसंच उभं आहे, राखाडी. ते जिवंत आहे की वाळलं, मला कळत नाही. दादांना विचारलं, तर तेही सांगत नाहीत.